शेवटच्या तीन दिवसात काय सोडायचं ते कोल्हापुरातच ठरवा

राजारामपुरीतल्या एका वहिनींचं लांबलचक पत्र आलंय, त्यातलं कामाचं तेवढं इथं देते.

"ताई, आमची आठ जणींची भिशी आहे. या मे महिन्यात आम्ही सगळ्या मिळून युरोपच्या ग्रुप टूरला निघालोय, नवरे नाहीत, पोरं नाहीत, फक्त आम्ही. बाकीची तीस-पस्तीस माणसं अनोळखी. पॅरिसपासून सुरुवात आणि शेवट इटलीत, म्हणजे व्हेनिस, मग फ्लॉरेन्स-पिसा, मग रोम आणि तिथून विमान. काळजी अशी की आमच्या गल्लीतली दोन घरं, किती वर्षांचा घरोबा, गेल्या वर्षी अशाच टूरला गेली आणि शेवटच्या दोन-तीन दिवसात असं काय बिनसलं की आता एकमेकांच्या दारात जात नाहीत. आमच्यातल्या माई सदुसष्टच्या, गुडघे दुखतात, आणि दोघी-तिघी आत्तापासूनच म्हणायला लागल्यात की माईंमुळं आपलं बघायचं राहणार. दुसरं म्हणजे फ्लॉरेन्सला आपल्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे असं ऐकलंय. कार्यक्रमात नाही. मला जायचंय. बाकीच्या म्हणतात एक पुतळा बघायला कशाला वेळ घालवायचा, तेवढ्यात खरेदी होईल. मी हट्ट करू का नको? आणि शेवटच्या दिवसात नेमकं काय सांभाळायचं?"

वहिनी, हट्ट जरूर करा. पण तो फ्लॉरेन्सच्या बसमध्ये उभं राहून करू नका, आत्ता करा, भिशीच्या पुढच्या बैठकीत. शेवटच्या दिवसात काय बघायचं हे टूरवाल्यांनी ठरवलेलंच असतं, तुमच्या हातात एवढंच असतं की त्यातलं काय सोडायचं, आणि हे निघायच्या आधी सगळ्यांच्या समोर ठरलं की भांडायला कारणंच फार उरत नाहीत.

आधी शेवटी शेवटीच का बिनसतं ते बघा. माणसं वाईट नसतात हो. पहिल्या आठवड्यात सगळं नवीन, आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, चटणीचे डबे भरलेले, एकमेकींचे फोटो काढायची हौस. मग रोज सकाळी सहा-साडेसहाला बॅगा दाराबाहेर, नाश्ता, बस, रात्री उशिरा हॉटेल, परत बॅग उघडा परत बंद करा, असं करत करत बाराव्या दिवसापर्यंत झोप साठलेली असते, पाय सुजलेले असतात, पोट नीट नसतं, आणि रूममधली मैत्रीण घोरते हे पहिल्या रात्री हसण्यावारी गेलेलं असतं ते आता जात नाही. कॉन्ट्रिब्युशनचा हिशोब कुणी लिहिलेला नसतो, एकीला वाटतं आपणच जास्त दिले, दुसरीलाही तेच वाटतं. आणि बरोबर याच वेळी इटली येतं, आणि इटली म्हणजे चालणं.

हे बुकिंगच्या वेळी कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. तिथल्या जुन्या शहरांच्या आत मोठे कोच जात नाहीत. व्हेनिसला तर बसचा प्रश्नच नाही, बोटीनं उतरायचं आणि मग प्रत्येक कालव्यावर पायऱ्या-पायऱ्यांचा पूल, चढा आणि उतरा. फ्लॉरेन्सला कोच बाहेर सोडतो, तिथून चालत. पिसाला पार्किंग लांब. रोमच्या मधल्या भागात टुरिस्ट कोचला परमिट लागतं, त्यामुळं दारात उतरायचं हे डोक्यातून काढून टाका. आणि रोमचे रस्ते म्हणजे छोटे छोटे काळे दगड बसवलेले, वर-खाली, पावसात गुळगुळीत, तिथं आपल्या कोल्हापुरी चपला घालून मिरवायचा मोह आवरा, त्या रात्रीच्या जेवणाला घाला. पायात मऊ सोलचे, आधी महिनाभर वापरलेले बूट पाहिजेत. आजपासून रंकाळ्यावर रोज सकाळी तेच बूट घालून चाला, आठही जणी, माईंच्या चालीनं. त्यातनं माई किती चालतात, किती वेळानं बसावं लागतं, हे सगळ्यांना इथंच कळेल आणि कुणाला अंदाज बांधत बसायला नको.

आता बसचं. तुमच्या कार्यक्रमात एका दिवसात फ्लॉरेन्स, पिसा आणि मुक्काम रोम असं असणार, बहुतेक टूरमध्ये असंच असतं. फ्लॉरेन्स ते पिसा नव्वदएक किलोमीटर, पिसा ते रोम साडेतीनशेच्या वर. युरोपात कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसात साधारण ९ तासांच्या वर चालवता येत नाही, रात्रीची विश्रांतीही कायद्यानं ठरलेली आहे, आणि हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या मशीनवर नोंदलं जातं. पकडला तर दंड होतो. म्हणून टूर मॅनेजर चार वाजता म्हणजे चार वाजता असं ओरडत असतो, तो कडक आहे म्हणून नव्हे.

आणि उशीर कसा होतो बघा. सगळ्यांना फ्लॉरेन्सच्या चौकात तासभर मोकळा दिलेला असतो. दोघी जिलातोच्या, म्हणजे तिथल्या आइस्क्रीमच्या, लाईनीत. एकजण लेदरच्या पर्सवाल्याशी भाव करतेय, दहा युरो कमी कर म्हणून. एकीला बाथरूमला जायचंय, पब्लिक टॉयलेटला नाणं लागतं ते सुट्टं नाही, म्हणून ती कॅफेत शिरली आणि तिथं कॉफी घेतल्याशिवाय वापरू देईनात. बाकीची माणसं उन्हात उभी. मग ती धावत येते आणि कुणीतरी म्हणतं, "झालं का तुमचं?" एवढंच. तीनच शब्द, पण बाराव्या दिवशी ते कानफटात मारल्यासारखे लागतात, आणि तिथनं पुढं रोमपर्यंत पाच तास बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. गल्लीतल्या त्या दोन घरांचंही असंच काहीतरी झालं असणार, मोठं कारण बहुतेक नसतंच.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येकीच्या पर्समध्ये एक-एक युरोची पाच-सहा नाणी फक्त टॉयलेटसाठी बाजूला ठेवा. जिथं खायला-प्यायला बसाल तिथलंच बाथरूम आधी उरकून घ्या. आठ जणींच्या चार जोड्या करा आणि जोड्या रोज बदला, म्हणजे एकच एकीच्या वाट्याला पंधरा दिवस नको. शक्य असेल तर रूम पार्टनरही इटलीच्या आधी एकदा बदला, टूर मॅनेजरला स्वित्झर्लंडमध्येच सांगून ठेवा. आणि हिशोबाची वही एकीकडंच द्या, रोज रात्री जेवताना मोठ्यानं वाचायची, शेवटचा हिशोब रोमला पोचायच्या आदल्या रात्रीच मिटवायचा. भिशी चालवणाऱ्या बायका तुम्ही, पैशाचा हिशोब तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, फक्त परदेशात गेल्यावर तो "राहू दे गं, नंतर बघू" वर जातो, तो जाऊ देऊ नका.

माईंच्या बाबतीत मला जरा स्पष्ट बोलायचंय. "माईंमुळं राहणार" हे वाक्य माईंच्या कानावर गेलं नसेल असं समजू नका. त्यांच्यासमोर कार्यक्रमाचा कागद घेऊन बसा आणि त्यांनाच विचारा, माई यातलं तुम्हाला काय बघायचंच आहे? कदाचित त्या म्हणतील मला व्हॅटिकन बघायचं, पिसाचा मनोरा लांबून दिसला तरी चालेल. मग पिसाला त्या आणि त्यांची त्या दिवसाची जोडीदार सावलीत बसतील, कॉफी पितील, बाकीच्या जाऊन येतील, आणि त्यांना कुणी मागं ठेवलं असं होणार नाही कारण ते त्यांनीच ठरवलंय. जोडीदारीण रोज वेगळी. व्हॅटिकन म्युझियममध्ये व्हीलचेअर मिळते, टूरच्या ऑफिसला आत्ताच सांगून ठेवा. विमानतळावरची व्हीलचेअरही निघायच्या निदान ४८ तास आधी एअरलाईनला कळवायची, तिचे पैसे लागत नाहीत. आणि ती घेण्यात कमीपणा नाही, हे माईंना तुम्ही सांगा, त्या स्वतः मागणार नाहीत, आपल्या आया-मावश्या कुठं मागतात? रोमला रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ आहेत, चोवीस तास चालू, पाणी गार आणि चांगलं, बाटली भरून घ्या, मे महिन्यात ऊन असतं.

आता महाराजांचं.

हे सविस्तर लिहिते कारण तुमच्या मैत्रिणींना हे वाचून दाखवा असं मला मनापासून वाटतं. हे राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव नव्हेत, हे त्यांच्याही आधीचे, शाहू महाराज गादीवर दत्तक यायच्या आधीचे. जन्म १८५० चा. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, प्रवासाची डायरी लिहिली, ती पुढं १८७२ ला छापूनही आली. आणि परत येताना, घराकडं तोंड असताना, वाटेत आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये गेले. वय २०. वहिनी, वीस वर्षांचं पोर. आपल्या घरातलं कॉलेजला जाणारं पोर डोळ्यापुढं आणा. सोबतच्या माणसांनी तिथं, जिथं असं दहन कुणी कधी बघितलेलं नव्हतं, परवानगी काढली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी दिला. संगमच निवडला, हे बघा. पंचगंगेच्या काठावरची माणसं दुसरं काय निवडणार होती.

तिथं १८७४ मध्ये स्मारकाची छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, फेटा, दागिने, सगळं रंगवलेलं, तो फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. आणि वरची छत्री ज्या मेजर मँटनं आखली त्याच मँटनं आपला नवा राजवाडा आखलाय. म्हणजे ज्या वास्तूसमोरनं तुम्ही पाहुण्यांना म्युझियम दाखवायला नेता, तिच्याच आर्किटेक्टचं काम तिकडं इटलीतल्या नदीकाठी उभं आहे. शेजारी नदीवर एक मोठा पूल आहे, १९७८ चा, त्याला तिथली माणसं इंडियनचा पूल म्हणतात, महाराजांवरनं. फ्लॉरेन्सच्या लोकांनी दीडशे वर्षं नाव राखलं, आणि दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातनं इतक्या टूर त्या शहरात जातात आणि तासाभरात जिलातो खाऊन पिसाला पळतात, याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. कोल्हापूरची माणसं तिथं असताना एक फूल न वाहता परत यावीत हे बरं नाही.

पण भावनेनं काम होत नाही, वेळ काढावा लागतो. हे ठिकाण कॅशिने नावाच्या मोठ्या बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, जुन्या शहरापासून चार-पाच किलोमीटर. ट्राम बागेच्या शहराकडच्या बाजूला सोडते, तिथनं टोकापर्यंत चालत फार लांब पडतं, माईंना तर नाहीच. टॅक्सी घ्या. तिकडं रिक्षासारखा हात दाखवून टॅक्सी थांबत नाही, स्टँडवर जावं लागतं, सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनबाहेर स्टँड आहे. आणि परतीची टॅक्सी तिथं बागेत मिळणार नाही, म्हणून आलेल्या ड्रायव्हरलाच थांबायला सांगा, थांबायचे पैसे आधी विचारून घ्या. जाऊन-येऊन, दर्शन धरून दीड तास धरा. मोकळा वेळ एकच तास मिळणार असेल तर जाऊ नका, बस चुकेल आणि मग तुमच्यामुळं चाळीस माणसं खोळंबतील, महाराजांच्या नावावर ते नको.

म्हणून या आठवड्यात टूरच्या ऑफिसला लेखी विचारा, मेल करा. तीन गोष्टी विचारा, फ्लॉरेन्सला मोकळा वेळ नेमका किती, मुक्काम फ्लॉरेन्सजवळ आहे का, आणि कोच त्या बाजूनं थोडा वेळ थांबवता येईल का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा नाही येईल, कोचचा रस्ता, पार्किंग, ड्रायव्हरचे तास सगळं आधी बांधलेलं असतं, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही आणि आठ सीट एकत्र भरणाऱ्या ग्रुपचं ऑफिसवाले ऐकतात. मुक्काम जवळ असेल तर आदल्या संध्याकाळी उजेड असताना जाऊन या, मे महिन्यात तिकडं आठच्या पुढंही उजेड असतो, पण अंधार पडल्यावर त्या बागेत बायकांनी थांबू नये. आणि सगळ्या आठ जणी आल्याच पाहिजेत असं नाही. दोघी-तिघी आलात तरी पुरे, बाकीच्यांना खुशाल पर्सा घेऊ द्यात, त्यावरनं तोंड वाकडं करू नका. टूर मॅनेजरला मात्र सांगून जा, फोन नंबर देऊन जा.

व्हेनिसच्या गोंडोलाचंही, म्हणजे तिथल्या होडीतल्या फेरीचंही तसंच, तो बहुतेक वेळा जादा पैशाचा असतो. एका गोंडोलात पाच माणसं बसतात, म्हणजे तुम्हाला दोन लागतील. बसायचं का नाही ते इथंच ठरवा, धक्क्यावर उभं राहून मतदान घेऊ नका. आणि कार्यक्रमाच्या कागदावर कोलोसियम "बाहेरून" असं लिहिलंय का ते बघा. बऱ्याच टूरमध्ये बाहेरूनच असतं, ते तिथं गेल्यावर कळलं की सगळा राग बिचाऱ्या टूर मॅनेजरवर निघतो.

खरेदी शेवटच्या दिवसावर ढकलू नका. ज्या देशात जे आवडलं ते तिथंच घ्या, वजन करायचा छोटा काटा एकीनं बरोबर ठेवा. स्वित्झर्लंडला सगळेजण चाकू घेतात, तो चेक-इन बॅगेतच जायला पाहिजे. काचेच्या गोळ्यात बर्फ पडतो ती खेळणी, चॉकलेटचं स्प्रेड, ऑलिव्ह ऑइल, हे सगळं विमानतळावर लिक्विडमध्ये मोजतात, हातातल्या बॅगेत ठेवलंत तर नातवंडांचं खेळणं तिथंच काढून घेऊ शकतात. पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातल्याच बॅगेत. माईंच्या गोळ्या पण हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

खरेदीवरचा टॅक्स परत मिळतो, त्याचं बायका फार बोलतात म्हणून सांगते. इटलीत एका दुकानात एका दिवशी ७० युरोच्या वर खरेदी झाली तर टॅक्स फ्री फॉर्म मागता येतो, २०२४ पासून ही मर्यादा खाली आलीय, आधी जवळजवळ १५५ होती. दुकानात पासपोर्ट लागतो, आणि युरोपियन युनियन सोडताना शेवटच्या विमानतळावर कस्टमकडून तो फॉर्म पास करून घ्यावा लागतो, ते वस्तू बघायला मागू शकतात, म्हणून बॅग चेक-इन करायच्या आधी. याला वेळ जातो. आठ जणीत एकीचा दहा-पंधरा युरोचा फॉर्म असेल आणि बाकीच्या सात ताटकळणार असतील तर तो सोडून द्या. एकीनं मोठी खरेदी केली असेल तर टूर मॅनेजरला आदल्या रात्री सांगा, म्हणजे तो बस अर्धा तास आधी काढायचं बघेल.

टीपचं विचारलं नाहीत तरी सांगते, काही टूरमध्ये ती आधीच पैशात धरलेली असते, काहीत शेवटी गोळा करतात. ऑफिसला विचारा आणि पाकीट इथनंच भरून न्या. युरोची नाणी इथं कुणी बदलून घेत नाही, ती रोमच्या विमानतळावर पाणी-बिस्किटात संपवा.

पासपोर्ट. शेवटच्या दिवशी माणूस ढिला पडतो आणि रोम पाकीटमारांचं गाव आहे, मेट्रो, स्टेशन, त्रेवीच्या कारंज्यासमोरची गर्दी, सगळीकडं. पासपोर्ट गळ्यातल्या पाऊचमध्ये, कपड्याच्या आत. झेरॉक्स आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत. गेलाच तर आधी पोलिसात तक्रार, मग रोममधली आपली एम्बसी, तिथं परत यायला इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. घाबरून आठही जणींनी विमान सोडायचं नाही, एक सोबत थांबेल, ती कोण हेही आत्ताच ठरवून ठेवा. इमर्जन्सी नंबर ११२, सगळ्या युरोपात तोच.

आणि मुंबईत उतरल्यावर लगेच गाडी करून रात्रीतनं कोल्हापूर गाठायचा बेत असेल तर तो बदला. चौदा-पंधरा तास प्रवास झालेला, झोप नाही, आणि पुढं परत आठ-नऊ तास हायवे, त्यात बाहेर आणायला आलेला ड्रायव्हर आदल्या रात्री जागलेला. मुंबईत कुणाकडं तरी आंघोळ करून, जेवून, झोपून, रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं या, तिकिटं आत्ताच काढा, मे महिन्यात मिळत नाहीत.

ऑफिसचं उत्तर आलं की मला कळवा. फ्लॉरेन्सचा वेळ कमी देत असतील तर अजून काय करता येईल ते बघू, आणि बैठकीत माईंनी काय निवडलं तेही लिहा.